जाणत्याची चूक

(बुऱ्हाणपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ही माला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते हाडाचे शिक्षक होते. शिक्षकाची एक अडचण सगळ्या शिक्षकांना ठाऊक असते. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला ‘मला येतं’ असं वाटतं त्याच्यापुढे मात्र हात टेकावे लागतात. आजचा विषय वेदान्तातला असला तरी तो याच अडचणीचा आहे. माणूस स्वतःला ओळखण्यात चुकतो, हे वेदान्ताचं पहिलं विधान. ही चूक अडाण्यापेक्षा जाणत्याच्या घरी जास्त दिवस मुक्काम ठोकते, हे माझं आजचं म्हणणं. त्यासाठी तीन साक्षीदार मी तुमच्या तापीच्या काठावरूनच बोलावणार आहे.

आधी चूक म्हणजे काय ते नीट पाहू. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहिताना पहिल्या सूत्राला हात घालण्याआधी एक छोटी प्रस्तावना लिहिली. तिला अध्यासभाष्य म्हणतात. जिथे मंगलाचरणाची अपेक्षा असते, तिथे आचार्य थेट चुकीची चिकित्सा करायला बसले आहेत. पूर्वी कुठेतरी पाहिलेली वस्तू भलत्याच ठिकाणी भासणं, याला ते अध्यास म्हणतात. दोरीवरचा साप सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो बाजूला ठेवू. आचार्यांनी पुढे दिलेली यादी जास्त झोंबणारी आहे. बायकामुलांचं बरंवाईट झालं की माणूस म्हणतो, माझंच झालं. शरीर जाड असतं. तो म्हणतो, मी जाड. कान ऐकत नाहीत. तो म्हणतो, मी बहिरा. मनात इच्छा उठते. तो म्हणतो, मला हवंय. घरदार, देह, इंद्रियं, मन अशी बाहेरून आत येणारी ही यादी आहे. प्रत्येक पायरीवर, जे कळतं ते कळणाऱ्याच्या नावावर चढतं. खसऱ्यात भलत्याचंच नाव चढावं तसं. व्यवहार उलट्या दिशेनंही होतो. जाणणाऱ्याचं चैतन्य देहाच्या नावावर जातं आणि देहच जाणता आहे असं वाटू लागतं.

यावर आक्षेप आचार्य स्वतःच घेतात. साप भासायला समोर दोरी तरी हवी. आत्मा तर कधीच समोर नसतो, मग त्याच्यावर काही चढणार कसं? ते उत्तर देतात, आत्मा अगदीच अनोळखी नाही. ‘मी’ या प्रत्ययात तो प्रत्येकाला सतत ठाऊक आहे. ‘मी आहे की नाही’ अशी शंका घेऊन कुणी वैद्याकडे जात नाही. आहे एवढं माहीत आहे, काय आहे ते माहीत नाही, आणि म्हणूनच चूक होते. मिट्ट काळोखात दोरी दिसलीच नसती, तर सापही दिसला नसता. चुकायला थोडं तरी कळावं लागतं. हा मुद्दा लक्षात असू द्या; पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

व्यवहारातली ओळख चुकली की ती माहितीनं दुरुस्त होते. आपल्याच टापूतलं उदाहरण घ्या. यादवकाळात चांगदेव नावाची माणसं एकाहून जास्त होऊन गेली. एक, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, सिंघण यादवाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांनी चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. दुसरे, महानुभावांच्या पंचकृष्णांतले चांगदेव राऊळ. तिसरे, चांगा वटेश्वर म्हणून ओळखले जाणारे योगी, ज्यांच्याकडे आपण आता जाणार आहोत. नावं सारखी, म्हणून घोळ होतो. पण आजोबा कोण, पंथ कोणता, गुरू कोण, एवढं विचारलं की घोळ सुटतो. वेदान्त ज्या चुकीबद्दल बोलतो, ती अशी सुटत नाही. तिथे माहिती भरपूर असते आणि चूक तिच्यासकट जागच्या जागी असते.

हे सर्वांत चांगलं सांगितलं ते विद्यारण्यांनी, पंचदशीच्या तृप्तिदीप या सातव्या प्रकरणात. गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे, पण ती सावकाश पाहण्यासारखी आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात. तापीला पाणी चढलेलं आहे, असं समजा. काठावर आल्यावर सगळे सुखरूप आहेत ना, म्हणून एक जण मोजतो. नऊ भरतात. दुसरा मोजतो, नऊच. दहावा वाहून गेला म्हणून सगळे रडतात, डोकं बडवून घेतात. वाटेनं जाणारा एक जण ते पाहतो आणि म्हणतो, दहावा आहे, मेलेला नाही. थोडा धीर येतो. मग तो मोजणाऱ्याकडे बोट करून म्हणतो, दहावा तूच.

विद्यारण्य इथे दोन ज्ञानं वेगळी करतात. ‘दहावा आहे’ हे परोक्ष ज्ञान; ऐकून विश्वास ठेवलेलं. ‘दहावा मीच’ हे अपरोक्ष. दोन्हींच्या मध्ये वेळ फारसा गेलेला नाही आणि नवीन माणूस तर कुणीच आलेला नाही. मोजणारा गणितात कच्चा नव्हता, हेही पाहा. त्यानं नऊ जण बिनचूक मोजले. तो जितका लक्ष देऊन समोर पाहील, तितका नऊचा आकडा पक्का होत जाईल. त्याला आणखी हुशार व्हायला सांगून, पुन्हा मोजायला लावून किंवा नदीत गळ टाकून काही उपयोग नाही. तो मोजणीतून सुटला आहे तो मोजण्यात गुंतला आहे म्हणूनच.

आता पहिला साक्षीदार. इथून तापीच्या ओघानं खाली गेलं की मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णा येऊन तापीला मिळते. त्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे, जुनं दगडी मंदिर आहे. परंपरा सांगते की योगी चांगदेव तापीकाठी चौदाशे वर्षं जगले. मरण जवळ आलं की प्राण वर चढवून ते काळाला परत पाठवत. आकडा खरा की खोटा, हा प्रश्न बाजूला ठेवा. परंपरेला एवढंच म्हणायचं आहे की करण्यासारखं जे काही होतं ते या माणसानं सगळं करून ठेवलं होतं. अशा माणसाच्या कानावर आळंदीच्या पोरसवदा भावंडांची कीर्ती आली आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

पत्र अडलं ते मायन्यावर. ज्ञानदेव वयानं लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानानं मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर पोराला वडीलधाऱ्याचा मान दिल्यासारखं होतं. शेवटी कोरा कागदच रवाना झाला. कीर्तनात हा प्रसंग रंगतो तो मुक्ताबाईच्या टोल्यामुळे: इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. पण कागदाकडे जरा थांबून पाहिलं तर दिसेल, की चांगदेवांना पडलेलं कोडं ज्ञानदेवांविषयी नव्हतं. मायना ठरवायला समोरच्याचं वय आणि योग्यता कळावी लागते. ती दोन्ही त्यांना कळलेली होती. अडत होतं ते स्वतःपाशी. मी चौदाशे वर्षांचा म्हणून लिहू, की मी साधक म्हणून लिहू? लिहिणाराच ठरत नव्हता. वयाचा मी आणि विद्येचा मी, दोघेही बोरू मागत होते. एका अर्थी तो कागद हे चांगदेवांनी आयुष्यात केलेलं सर्वांत प्रामाणिक लेखन.

निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तर लिहिलं, तीच चांगदेव पासष्टी. या पासष्ट ओव्यांत ज्ञानदेव सिद्धींचा हिशेब मागत नाहीत. ‘तुम्हाला काही कळत नाही’ असं हिणवत नाहीत, ‘तुम्ही ब्रह्म आहात’ अशी आणखी एक पदवीही देत नाहीत. ते दागिन्यातल्या सोन्याकडे बोट दाखवतात: दागिना झाला म्हणून सोनं कुठे उणं झालं? आरशाकडे बोट दाखवतात: आरसा आणण्याआधी तोंड नव्हतं का? पाहणारा, पाहणं आणि पाहायची वस्तू ही तिन्ही वेगळी मानली की स्वतःला पाहण्यासाठीही कुणीतरी दुसरं लागतं. ती त्रिपुटी मिटली तर पाहण्याचं काम उरत नाही, असणं उरतं. आणि शेवटाकडे ते एक नाजूक गोष्ट बोलतात. तुम्हाला भेटावंसं वाटतं, पण भेटायला गेलं तर मुळात असलेली भेट बिघडेल अशी भीती वाटते. मीठ पाण्याला भेटायला गेलं तर भेटून परत कोण येणार? जो प्रश्न मायन्यापाशी अडला होता, त्याचं उत्तर असं आलं: कोण कुणाला काय म्हणणार?

आत्मज्ञानानं पदरात काय पडतं, असा प्रश्न नेहमी येतो. विणकरांच्या या गावात त्याचं उत्तर ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातून द्यायला हवं. तिथे कापडाचा दाखला देणारं एक सूत्र आहे. शंकराचार्य त्यावर म्हणतात, गुंडाळलेलं कापड पाहून ते कापड आहे की आणखी काही, हे नीट कळत नाही. कापड आहे हे कळलं तरी त्याचा पन्हा आणि लांबी कळत नाही. उलगडलं की सगळं दिसतं. इथल्या यंत्रमागावरून उतरलेला तागा ज्यानं दुकानात सतरंजीवर सोडून दाखवला आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. तागा उलगडल्यानं एक धागाही वाढत नाही. पण गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांच्याही मनातला घोळ संपतो. ज्ञान एवढंच करतं. जे ज्ञान भर घालतं, त्याच्याकडे जरा संशयानं पाहावं.

ज्ञानदेव हा संशय टोकाला नेतात. अमृतानुभवाच्या तिसऱ्या प्रकरणात ते शिवसूत्रांचा आधार देऊन सांगतात की ज्ञानसुद्धा बांधतं. सातव्या प्रकरणात अज्ञानाचं सविस्तर खंडन झालं, की वाचक सुटकेचा श्वास टाकतो, आता ज्ञानाचा जयजयकार होणार. पुढच्याच प्रकरणाचं नाव आहे ज्ञानखंडन. अज्ञानाला मारून जे ज्ञान हातात तलवार घेऊन उभं राहतं, तेही त्या अज्ञानाच्याच जोडीला आलेलं असतं. लढाई संपल्यावर त्याचं काम काय?

दुसरा साक्षीदार तुमच्या गावातलाच. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात फारुकी सुलतानांची वंशावळ आहे आणि शके १५११ ची तिथी, वार, नक्षत्र यांसह पंचांगाच्या पद्धतीनं मांडलेली तारीख आहे. ती १५९० च्या आरंभी येते. पण पुष्कळांचं लक्ष राजांच्या नावांकडे जातं आणि आरंभीचं वंदन सुटून जातं. ते सृष्टिकर्त्याला केलेलं आहे, आणि त्याचं वर्णन डोळ्यांना न दिसणारा, सर्वत्र भरलेला, गुणांपलीकडचा, चैतन्यरूप असं आहे. एखाद्या मठातल्या पोथीच्या पहिल्या पानावर शोभावं असं हे वर्णन मशिदीच्या भिंतीवर कोरलेलं आहे.

त्याच सुमारास याच गावात मुहम्मद इब्न फज़्लुल्लाह बुऱ्हाणपुरी नावाचे सूफी विद्वान अरबीत एक लहानसा ग्रंथ लिहीत होते. त्याचं नाव ‘अत्-तुह्फ़तुल मुर्सला’. सत्ता एकच आहे आणि ती सात पायऱ्यांनी प्रकट होते, असं त्याचं प्रतिपादन. हा ग्रंथ इथून निघाला तो थेट सुमात्रा-जावापर्यंत गेला. त्याचं जावानी भाषेतलं रूपही झालं. त्यात बुडबुडा, लाट आणि बर्फ यांचा दाखला आहे. असणं पाहिलं तर तिन्ही पाणी. आकार पाहिला तर तिन्ही पाण्याहून वेगळी. म्हणून आकाराच्या बाजूनं बोलताना, ‘मीच तो’ असं म्हणायची मुभा नाही. बंदा तो बंदाच.

ही सावधगिरी किती गरजेची होती, हे सुमात्रातल्या आचेमध्ये दिसलं. तिथे सत्तेच्या एकत्वाचा विचार हमज़ा फ़न्सूरी आणि शम्सुद्दीन यांनी रुजवला होता. १६३७ मध्ये नूरुद्दीन रानीरी तिथे पोचले आणि त्यांनी या विचाराच्या अनुयायांना पाखंडी ठरवलं. ग्रंथ जाळले गेले. रानीरी मूळचे रांदेरचे, म्हणजे सुरतेसमोरच्या तापीकाठचे. एकाच नदीच्या दोन गावांतली माणसं समुद्रापलीकडच्या एका वादाच्या दोन बाजूंना सापडतात. रानीरींच्या कठोरपणाचं समर्थन मी करत नाही. पण ज्या चुकीवर ते बोट ठेवत होते, ती चूक वेदान्त्यांनाही परकी नाही. लाटेनं ‘मी पाणी’ म्हणावं, ते खरं आहे. ‘मी लाट आहे आणि मीच समुद्र आहे’ असं तिनं फुगून म्हणावं, हा अध्यासच. फक्त तो शास्त्राच्या भाषेत बोलतो.

तिसरा साक्षीदार माझ्या बाजूचा नाही, म्हणूनच त्याला बोलवायला हवं. इथल्याच नागझिरीतल्या कबीर निर्णय मंदिराची परंपरा पूरण साहेबांची. एकोणिसाव्या शतकात, १८३७ च्या सुमारास, त्यांनी कबिरांच्या बीजकावर ‘त्रिज्या’ ही टीका लिहिली. कबीरपंथातला पारख विचार ज्यांनी घडवला त्यांत त्यांचं स्थान मोठं आहे. पारख म्हणजे पारखणारा, जाणणारा जीव. या विचाराचा वेदान्तावरचा आक्षेप असा: देह मी नाही, कारण देह मला कळतो. मन मी नाही, कारण मन मला कळतं. इथवर तुमचं-आमचं जमतं. पण मग ब्रह्मही तुम्हाला कळलं ना? ग्रंथातून ऐकलंत, मनन केलंत, आणि शेवटी म्हणालात, ‘मी ब्रह्म’. म्हणजे जाणणाऱ्यानं पुन्हा एक जाणलेली वस्तू उचलून स्वतःच्या नावावर चढवली. पहिली वस्तू साडेतीन हातांची होती, ही अफाट आहे, एवढाच फरक. कल्पना करणारा जीव मूळ, आणि ब्रह्म त्याची कल्पना.

हा आक्षेप थट्टेनं उडवण्यासारखा नाही. वेदान्ताचं उत्तर पुन्हा तृप्तिदीपातच आहे. अंधाऱ्या खोलीतला घडा पाहायला डोळा हवा आणि दिवा हवा. दिवा पाहायला दुसरा दिवा लागत नाही. फक्त डोळा उघडावा लागतो. आत्म्याच्या बाबतीत शास्त्राचं वाक्य डोळा उघडतं, म्हणजे मनाची वृत्ती झाकण दूर सारते. घड्यावर जसा प्रकाश पाडावा लागतो, तसा आत्म्यावर पाडावा लागत नाही. म्हणून ‘मी ब्रह्म’ या महावाक्यातलं ब्रह्म ही कळलेली वस्तू नव्हे. केनोपनिषद तर सरळच सांगतं की ज्याला कळलं असं वाटतं, त्याला ते कळलेलं नाही.

शास्त्रापुरतं हे उत्तर पुरेसं आहे, असं मला वाटतं. जीव अनेक की आत्मा एक, या प्रश्नावर पारख आणि अद्वैत यांचं जमणार नाही, आणि ‘शेवटी सगळं एकच’ असं म्हणून तो भेद पुसून टाकणं दोघांवरही अन्याय आहे. सूफींच्या बाबतीतही तेच. पण शास्त्र सोडून माणसांकडे आलं, तर पूरण साहेबांचा आक्षेप जागेवरच उभा राहतो. गीतेचे वर्ग झाले, पंचदशी झाली, विवेकचूडामणी पाठ झाला, आणि घरातल्या सुनेला कळेना की सासऱ्यांशी बोलायचं कसं, कारण ते आता ‘साक्षी’ झाले आहेत. भांडणात ते उतरत नाहीत, पण भांडणात न उतरल्याचा मान त्यांना हवा असतो. देहाचा अभिमान सुटला, त्याच्या जागी देहाभिमान सुटल्याचा अभिमान आला. आचार्यांच्या यादीत घरदार, देह, इंद्रियं, मन या चार पायऱ्या होत्या. ही पाचवी पायरी त्या यादीच्या शेवटी आपण आपल्या हातानं लिहिली.

मग परीक्षा कशी करायची? माझ्या मते, विचारून पाहावं: या ज्ञानानं माझ्या नावापुढे काही लागलं, की नावापुढचं काही गळलं? चांगदेवांपाशी चौदाशे वर्षांचं नाव होतं. पुढे ते मुक्ताबाईचे शिष्य म्हणवले गेले, एका लहान मुलीचे. मायन्याचं कोडं त्यांनी असं सोडवलं.

याचा अर्थ नावगाव टाकून द्यावं असा नाही. शंकराचार्य स्वच्छ सांगतात की लौकिक असो वा वैदिक, सगळा व्यवहार अध्यासावरच चालतो. शास्त्र वाचणं हाही त्यातलाच व्यवहार. तुमच्या नावगावाचंच पाहा. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे गाव मध्य प्रदेशात राहिलं. २००३ मध्ये ते जिल्ह्याचं ठिकाण झालं. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हींची सरमिसळ आणि वर उर्दूची फोडणी, असं तुमचं चालतं. जनगणनेच्या कागदावर मातृभाषेपुढे मराठी लिहायचं तर ठणकावून लिहा. या उपाधी आहेत, आणि उपाधी वापरायच्याच असतात. त्यांपैकी एखादी दुखावली की आपण पुरते दुखावलो असं का वाटतं, एवढं मात्र तपासत राहावं.

दहाव्या माणसाच्या गोष्टीचा शेवट बहुतेक जण सांगत नाहीत. विद्यारण्यांनी तो मुद्दाम सांगितला आहे. आपणच दहावे, हे कळल्यावर तो रडायचा थांबला. पण रडताना त्यानं डोकं बडवून घेतलं होतं. त्याची जखम तेवढ्यानं भरली नाही. ती बरी व्हायला महिना लागला. दहावा जिवंत असल्याच्या आनंदात ती त्याला जाचली नाही, एवढंच. म्हणून वेदान्त शिकलेल्या माणसाचा राग, दुखणं, जुनी सवय दिसली की त्याला लगेच ढोंगी ठरवू नका, आणि स्वतःलाही ठरवू नका. जखम बुजायला वेळ लागतो. तो पुन्हा डोकं बडवतो आहे का, एवढंच पाहायचं.